संकोचाशी लढलेला प्राध्यापक

औषधाच्या दुकानात नुकतेच लग्न झालेला तरुण येतो. आधी खोकल्याच्या गोळ्या मागतो. बाकीची गिऱ्हाइके गेली, की हळूच निरोधचे पाकीट मागतो. दुकानदारही ते कागदात गुंडाळून देतो. हे दृश्य आजही कुणाला नवे नाही. या संकोचाशी आयुष्यभर झुंजलेले रघुनाथ धोंडो कर्वे अशा वेळी आठवतात.

महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १८८२ सालचा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते. प्राध्यापकाने असल्या विषयावर बोलावे, हे कॉलेजला रुचले नाही. १९२५ साली नोकरी गेली.

साधने मिळत होती, पण विचारायचे कुणाला? जुलै १९२७ मध्ये रघुनाथरावांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. जे आईवडिलांना, डॉक्टरांना विचारता येत नव्हते, ते लोक त्यांना पत्राने विचारू लागले. ते सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. त्या उत्तरांपायी अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही. पदराला खार लावून, पत्नी मालतीबाईंच्या साथीने, त्यांनी ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. मूल नको हे दोघांनी ठरवले, तेव्हा शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता. आज साधने गल्लोगल्ली मिळतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदीचा भार जवळजवळ सगळा बायकांवरच दिसतो: स्त्रियांची सुमारे ३८ टक्के, पुरुषांची एक टक्क्याहूनही कमी. नव्या सुनेला ‘पाळणा कधी?’ असे घरातले सगळे विचारतात. ‘तुम्हा दोघांना कधी हवा?’ असे कुणी विचारत नाही. माहिती नसते म्हणून अफवांवर विश्वास बसतो, आणि विचारायची लाज वाटते म्हणून माहिती मिळत नाही.

रघुनाथरावांनी टपालाने आलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली. आपल्या मुलामुलींना ती घरातच मिळाली, तर त्यांचे अर्धे काम पुरे होईल.