रखमाबाईंचा खटला

पालीच्या स्टँडवरून रत्नागिरीच्या कोर्टात तारखेला निघालेल्या बाईच्या पिशवीत कागद असतात आणि पोटात गोळा. मैत्रिणींनो, तिला पाहिलं की मला डॉ. रखमाबाई आठवतात.

जन्म मुंबईचा, १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागलं. पण त्या माहेरीच राहिल्या, शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी हायकोर्टात दावा लावला : बायकोला नांदायला पाठवा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. संपलं? छे! अपील झालं, खटला पुन्हा उभा राहिला. मार्च १८८७ मध्ये हुकूम निघाला : महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या! रत्नागिरीत जन्मलेले आपले लोकमान्य टिळकही त्यांच्या विरोधात होते, याचं मला आजही वाईट वाटतं. अखेर १८८८ मध्ये दादाजींना २,००० रुपये देऊन तडजोड झाली. मग लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला बायकांची सेवा केली. १९५५ मध्ये त्या गेल्या.

त्याच वर्षी आलेल्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ खाली असा दावा राहिलाच. पण आता त्यासाठी बाईला तुरुंग नाही आणि वेगळं राहण्याचं सबळ कारण कोर्टात मांडता येतं. मात्र समन्स आलं तर घरी बसू नका, निकाल एकतर्फी लागतो. वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्याने बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.