गाडगेबाबांची पंगत

गाडगेबाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी परिटाच्या घरी जन्मले, १९०५ साली घर सोडलं. कुठल्याही गावात आधी झाडलोट, मग भाकर. स्वतः गाडग्यात शिळंपाकं खाणार, पण आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना पोटभर गोडधोड. पंगतीत जात विचारलेली खपत नसे. आलेल्या देणग्यांतून धर्मशाळा, सदावर्तं उभी केली. घरच्यांना त्यात वाटा नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. बाबासाहेबांमागे १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ला तेही गेले.

आम्ही विहारात धान्याचा डबा ठेवलाय. घरटी मूठभर ज्वारी पडते. घेणाऱ्याला जात-धर्म विचारायचा नाही, असं ठरवलंय. आमच्यातल्या काहींना ते अजून पटत नाही.