हैदराबादचे रहीमसाहेब

भारतीय फुटबॉलच्या सुवर्णकाळाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. पेशाने ते शिक्षक होते आणि मैदानावरही शिक्षकच राहिले.

खेळाडूला केवळ सूचना देऊन खेळ सुधारत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून ते खेळाचे नियमच बदलत. चेंडू पायाशी घोळवत ठेवण्याची हौस मोडावी यासाठी त्यांनी ड्रिब्लिंगला मनाई असलेल्या स्पर्धा भरवल्या. कमजोर पाय तयार व्हावा म्हणून केवळ त्याच पायाने खेळण्याच्या स्पर्धाही घेतल्या. चेंडू लगेच पुढे देणे भाग पडले, की साथीदार कोठे आहे हे आधीच पाहण्याची सवय मुलांना आपसूक लागे.

या शिस्तीचे फळ मुंबईकरांनी पाहिले. रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलिस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला.

राष्ट्रीय संघाने १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे लोळवले. त्या सामन्यात बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी होते. चारच वर्षांनी मेलबर्नला भारताने ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. अशी मजल मारणारा तो आशियातील पहिला संघ. तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल नोंदवले.

१९६२ च्या जकार्ता स्पर्धेवेळी रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून पराभव झाला. पुढे बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला दुखापत झाली, टाके पडले. रहीम यांनी त्यांना न वगळता आघाडीवर खेळवले. जर्नेल यांनी उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत गोल केले. त्याच दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून भारताने सुवर्णपदक जिंकले.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेबांचे निधन झाले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला पुन्हा मिळालेले नाही. पदकांची नोंद दप्तरी राहिली; मुलांना खेळातूनच विचार करायला लावणारी त्यांची रीत मात्र त्यांच्यामागे तितक्या निष्ठेने चालवली गेली नाही.