वेल्लोरच्या डॉ. इडा स्कडर

तिंडिवनमच्या बंगल्यातील त्या रात्रीची हकिगत आपण संडे स्कूलमध्ये ऐकली असेलच. आजारी आईच्या शुश्रूषेसाठी अमेरिकेहून आलेल्या तरुण इडाच्या दारी एका रात्रीत तीन पुरुष आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. इडाचे वडील डॉक्टर होते, परंतु परपुरुषाचा हात त्या स्त्रियांना चालणार नव्हता. सकाळपर्यंत तिघीही मरण पावल्या. मिशनरी व्हायचेच नाही असे ठरविलेली ही मुलगी वैद्यकी शिकावयास परत गेली. यापुढची हकिगत मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

१९०० साली त्या परतल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या शेल नामक गृहस्थाने पत्नीच्या स्मरणार्थ दिलेले दहा हजार डॉलर त्यांच्यापाशी होते. त्यातून १९०२ मध्ये वेल्लोरला चाळीस खाटांचे रुग्णालय उभे राहिले. पण खेड्यातला गरीब तेथवर येणार कसा? म्हणून ठरलेल्या वारी दवाखानाच रस्त्यावर जाई; झाडाखाली थांबून गळवे फोडावीत, डोळे धुवावेत, पुढच्या गावी निघावे. एकट्या डॉक्टरने किती गावे करावीत? १९०९ मध्ये परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, १९१८ मध्ये मुलींची वैद्यकीय शाळा. तीन अर्ज आले तरी पुष्कळ, असे सरकारी अधिकाऱ्यास वाटले होते, आले दीडशेवर.

या शाळेचे पालकत्व निरनिराळ्या देशांतील अनेक मिशनांनी वाटून घेतले होते. अमेरिकेत ल्युसी पीबडी यांनी मंडळ्यामंडळ्यांतील बायकांकडून आशियातील स्त्रियांच्या महाविद्यालयांसाठी पैसा जमविला. पुढे १९३८ मध्ये मद्रास सरकारने पदवी अभ्यासक्रमाची अट घातली. इडाबाई तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. युद्ध चालू असतानाच, १९४१ मध्ये, त्या निधीसाठी पुन्हा अमेरिकेस गेल्या. काही मिशने साह्यास तयार होती, पण मुलांनाही प्रवेश द्या, असे त्यांचे म्हणणे पडले. स्त्रियांनी स्त्रियांसाठी दिलेला पैसा असा वळविणे पीबडीबाईंना विश्वासघात वाटला. मला विचाराल तर त्यांचा आक्षेप अगदीच गैर नव्हता. इडाबाईंनी पुष्कळ तळमळून एकत्र शिक्षण पत्करले, आणि जुनी मैत्री दुरावली.

१९४२ मध्ये मद्रास विद्यापीठाची संलग्नता मिळाली. १९४७ मध्ये पहिले पुरुष विद्यार्थी आले. इडाबाई २४ मे १९६० रोजी कोडाईकनाल येथे प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. शेल यांच्या देणगीच्या त्या पहिल्या वास्तूत पुढे डोळ्यांचे रुग्णालय नांदले.