पंडिता रमाबाईंची घरे

रब्बीची सुगी आटोपली की आपल्या वाशीम जिल्ह्यातील खेड्यांत घरबांधणीच्या गोष्टी निघतात. मृग लागण्यापूर्वी छप्पर पडले पाहिजे ह्याची सर्वांस घाई असते. पऱ्हाट्यांचा वा तुराट्यांचा कूड असेल तर तो चार माणसे आठवड्यात उभा करून शेणामातीने लिंपून टाकतात. पण धाब्याचे घर म्हटले की खांब, आढे, वासे, त्यांवर किलचन व पांढरी माती, आणि मग महिने मोजावे लागतात. परदेशी अरण्यात अखंड ओंडके एकावर एक रचून घरे बांधीत. तेथे तोडलेली झाडे तयार असली व शेजारीपाजारी मदतीस आले, तर भिंती एकदोन दिवसांतही उभ्या राहात. तथापि ओले लाकूड वाळताना आकसते व घर पुढे कित्येक महिने खाली बसत जाते. म्हणून जाणता सुतार दाराच्या चौकटीवर मोकळी फट राखून ठेवतो. तेव्हा घर किती दिवसांत झाले हे कोणत्या दिवशी मोजावयाचे, हाच प्रश्न आहे. ज्या बाईंचे नाव आपल्या बहुतेक मंडळ्यांस ठाऊक आहे, त्या पंडिता रमाबाईंच्या घरांची हकीकत ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दाट अरण्यात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रीने संस्कृत शिकू नये अशी त्या काळची समजूत असता त्यांनी आपली अल्पवयी पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविण्याचा हट्ट धरला, आणि लोकांचा विरोध होताच ते तिला घेऊन रानात निघून गेले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर म्हणून नव्हते. जवळच वाघ डरकाळ्या फोडू लागला, तेव्हा ती बालिका भयाने पांघरुणात स्वतःस गुंडाळून जमिनीवर पडून राहिली, व शास्त्रीबोवांनी उजाडेपर्यंत पहारा केला. मग एक साधी झोपडी झाली. त्या झोपडीचे हळूहळू घर झाले, विद्यार्थी येऊन राहू लागले, गाईगुरे आली. ते स्थान नद्यांच्या उगमाचे असल्यामुळे यात्रेकरूंची रीघ लागे, आणि शास्त्रीबोवा कोणासही विन्मुख पाठवीत नसत. वर्षानुवर्षे जमविलेले त्या पाहुणचारातच संपले व कर्ज झाले. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असता ते घर सोडावे लागले. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटीत घालून हमालाच्या डोक्यावर देण्यात आले, आणि त्या रीतीने त्यांचा प्रवास सुरू झाला.

पुढे पुष्कळ वर्षे त्या कुटुंबास घर असे नव्हतेच. तीर्थामागून तीर्थे, पुराणे सांगावी व मिळेल त्यावर निर्वाह करावा असा क्रम होता. मुक्काम कोठेही असो, आईने मुलीचा पाठ चुकू दिला नाही. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत रमाबाईंस शिकविले ते आईनेच, आणि बाराव्या वर्षी पुराणांतील अठरा हजार श्लोक त्यांस मुखोद्गत होते. नंतर १८७४ च्या सुमारास व पुढे दुष्काळाने गाठले. वडील गेले, मागोमाग आई गेली, काही काळाने थोरली बहीणही गेली. राहिले श्रीनिवास व रमाबाई ही दोघे भावंडे. ती पायी हिंडत पंजाबापर्यंत पोहोचली. तेथे झेलम नदीच्या काठी थंडी इतकी कडक होती, आणि पांघरूण इतके अपुरे, की दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत शिरून डोके तेवढे बाहेर ठेवले व अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. रमाबाईंनी बांधलेले पहिले घर म्हणावयाचे तर ते हेच, व त्यास घटकाभरही लागला नसेल.

१८७८ साली कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा मोठा गौरव होऊन पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी जात न पाहता विवाह केला. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले, व मनोरमा नावाची लहान मुलगी पदरी राहिली. पुणे, मग इंग्लंड, तेथे १८८३ साली वाँटेज येथे बाप्तिस्मा, मग अमेरिका. तेथील मित्रांनी १८८७ साली बोस्टन येथे मंडळ स्थापून दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. विधवा मुलींसाठी असलेले हे घर दुसऱ्याच वर्षी पुण्यास गेले. ख्रिस्ती बाईंच्या प्रार्थनेस काही मुली बसतात ह्यावरून १८९३ साली मोठा गवगवा होऊन पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. इमारत जागच्या जागी होती, पण घर अर्धे ओस पडले. आपल्या मंडळ्यांत कोणावर असा प्रसंग आला असेल त्यास ह्याची कल्पना येईल.

आता केडगावची गोष्ट. दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, ह्याचा विचार बाई आधीपासून करीत होत्या. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे स्टेशन आहे, तेथे त्यांनी सुमारे १०० एकर जमीन घेतली. जमीन ओसाड होती. बाईंनी तेथे आधी वाडा बांधला नाही, विहिरी खणविल्या व फळझाडे लावली. झाडांच्या उत्पन्नावर मुलींचा निर्वाह चालावा असा बेत होता. झाडे फळास येण्यास वर्षे लागतात, तेव्हा हा बेत सावकाशीचाच होता. पण १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईने स्वतः उपासमारीत आईबाप गमावले होते, तिच्याने घरी बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या व सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. तोच पुण्यात प्लेगची साथ सुरू झाली, शहरात इतक्यांस ठेवणे अशक्य झाले, आणि १८९७ साली सर्वांस केडगावच्या माळावर न्यावे लागले. इमारत झालेली नव्हती. तंबू व तात्पुरत्या झोपड्या ह्यांतच राहणे, शिकणे व प्रार्थना चालू झाली. १८९८ साली ह्या वस्तीस मुक्ती हे नाव मिळाले.

दुसऱ्या वर्षी प्रार्थनामंदिराचा पाया घातला. इतक्यात छपन्नाचा दुष्काळ आला, ज्याच्या गोष्टी आपल्या वऱ्हाडातही आजे-पणजे सांगत असत. १९०० साली गुजरातेतून व इतर ठिकाणांहून शेकड्यांनी मुली आल्या, व मुक्तीतील माणसांची संख्या सुमारे एकोणीसशे झाली. आधी छप्पर कोणास द्यावे, मंदिरास की मुलींस, असा प्रश्न आल्यास बाईंचे उत्तर ठरलेले असे. म्हणूनच क्रूसाच्या आकाराचे ते मोठे मंदिर पुरे होण्यास वर्षांमागून वर्षे गेली. त्या अवधीत मुली विणकाम, तेल काढणे, शेती व छपाई शिकल्या. ज्या मुली हाडांचे सापळे होऊन आल्या होत्या त्यांतूनच पुढे शिक्षिका व बायबल शिकविणाऱ्या बाया निघाल्या.

रमाबाईंचे शेवटचे काम भिंतींचे नव्हते. खेड्यांतील साध्या बायकांस कळेल अशा मराठीत शास्त्र असावे म्हणून त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे भाषांतर हाती घेतले. त्यात त्यांची पंधराहून अधिक वर्षे गेली, व ऐकणेही कमी होत चालले असता ते चालूच राहिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या, ज्यांच्या हाती हे सर्व सोपवावयाचे होते त्याच. तरी म्हातारीने मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ते पुरे होताच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. तो मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला होता, आणि खिळे जुळविणारे हात तेथील मुलींचेच होते.