रॉन्टजेन: पाठीच्या छोट्या छेदामागचा माणूस

छत्रपती संभाजीनगरात घाटीत दाखवा की खासगीत, मणक्याचं ऑपरेशन ‘छोट्या छेदातून’ करू म्हटलं की प्रश्न पडतोच: एवढ्याशा भोकातून डॉक्टरांना दिसणार काय? निम्मं उत्तर विल्हेल्म रॉन्टजेन यांच्याकडे आहे.

जन्म १८४५, जर्मनीतलं लेनेप. शाळेत शिक्षकाचं व्यंगचित्र काढणाऱ्या मुलाचं नाव सांगितलं नाही म्हणून यांनाच काढून टाकलं, असं सांगतात. ८ नोव्हेंबर १८९५ला वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली नळी सुरू होती आणि थोड्या अंतरावरचा पडदा चमकायला लागला. पुढचे कित्येक आठवडे ते त्यातच बुडाले. २२ डिसेंबरला पत्नी ॲना बर्था यांच्या हाताचा फोटो निघाला: फक्त हाडं आणि बोटातली अंगठी! १९०१चं भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. बक्षिसाचे पैसे विद्यापीठाला दिले, पेटंट घेतलंच नाही. म्हणून तर एक्स-रे झपाट्याने जगभर पोचला. महायुद्धानंतरच्या महागाईत त्यांची बचत मात्र बुडाली. १९२३मध्ये ते वारले.

आज ऑपरेशन टेबलाभोवती फिरणारं सी-आर्म मशीन त्यांच्याच किरणांवर चालतं. छेद देण्याआधी डॉक्टर त्यावर मणके मोजतात, कारण चुकीच्या मणक्यावर काम होणं हा खरा धोका. पण एक्स-रेत हाड दिसतं. सरकलेली गादी आणि दबलेली नस नाही. त्यासाठी आधी एमआरआय, आणि आत गेल्यावर दुर्बीण किंवा मायक्रोस्कोप. तुमचा कोणता मणका आणि खात्री कशी करणार, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधीच सांगा. टीमच्या अंगावरचे शिशाचे एप्रनही याच किरणांसाठी असतात.