स्वतःचा ताईत

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानीच्या यात्रेत मी गळ्यागळ्यांत ताईत पाहतो. तो दुसऱ्याने दिलेला असतो. लंडनचा चित्रकार ऑस्टिन स्पेअर (१८८६–१९५६) स्वतःचा ताईत स्वतः घडवी. पोलिसाच्या या मुलाचे चित्र १९०४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, रॉयल अकादमीत लागले. १९१३ च्या ग्रंथात त्याने रीत सांगितली : इच्छा शब्दांत लिहावी, तिची अक्षरे एकमेकांत गुंफून आकृती करावी, तीवर चित्त एकाग्र करावे आणि मग ती इच्छाच विसरावी. १९४१ साली बॉम्बने त्याचे घर गेले, चित्रे गेली, हात जायबंदी झाले. कुठलीही आकृती आड आली नाही. तरी सराव करून तो पुन्हा चित्रे काढू लागला. १९४७ साली त्याचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच्या आकृत्यांपेक्षा मला त्या हाताचे मोल अधिक वाटते.